‘सगळे धर्म सोड’ म्हणजे नेमकं काय सोडू?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६६

गीतेच्या शेवटी भगवंत अर्जुनाला सांगतात : सगळे धर्म बाजूला ठेव, मला एकट्याला शरण ये, मी तुला पापांतून सोडवीन, शोक करू नकोस.

वाचायला किती सोपं! पण पहिल्याच शब्दाशी आपण अडतो. ज्या कृष्णाने आत्तापर्यंत स्वधर्म सोडू नको म्हणून समजावलं, तोच आता सगळे धर्म सोड म्हणतो? मग सोडायचं तरी काय?

हा प्रश्न मोठमोठ्यांना पडला आणि उत्तरं वेगवेगळी आली.

शंकराचार्य म्हणतात, इथे ‘धर्म’ या शब्दात अधर्मही आला. सगळ्याच कर्मांचा संन्यास कर. शरण येणं म्हणजे परमात्म्यावाचून दुसरं काही नाही, हे ओळखणं.

रामानुजाचार्य म्हणतात, साधना सोडू नको; फळाची आस आणि कर्तेपण सोड. ते आणखी एक अर्थ देतात. साठलेल्या पापांची प्रायश्चित्तं करायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. त्या ओझ्याने तो भक्तीला सुरुवातच करू शकत नाही. ते ओझं ठेव आणि ये.

माउली ज्ञानेश्वरीत (१२९०) सांगतात, धर्म-अधर्म हा पसारा अज्ञानातून आलेला आहे. घट फुटला की त्यातलं आकाश आकाशात मिळतं, तसं वेगळेपण न उरणं म्हणजे शरण येणं.

आणि मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त (१९१५) टिळक म्हणतात, मोक्षाचे नाना मार्ग शास्त्रांत सांगितलेत, त्यांच्या गोंधळात पडू नको. एका भगवंताला धर आणि वाट्याला आलेलं कर्तव्य कर.

मग खरा अर्थ कोणता?

आईच्या आजारपणात माझा रोजचा नेम, वाचन, सगळं थांबलं होतं. रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मनात एकच हिशोब चालायचा : किती दिवसांची पूजा राहिली, हे सगळं कधी भरून काढणार? तेव्हा रामानुजांचा तो दुसरा अर्थ आठवला. त्यांनी तो हिशोबच हातातून काढून घेतला. पण सकाळी औषधं आणायची होती, मामाला फोन करायचा होता, डॉक्टरांना भेटायचं होतं. तिथे टिळक कामाला आले. श्लोक तोच. रात्री त्याच्यापाशी मोकळं रडता आलं, सकाळी त्यानेच उठवलं.

म्हणून काय, मनाला येईल तो अर्थ लावायचा? नाही हं! ‘कृष्णानेच सांगितलंय सगळं सोड’ म्हणत कंटाळलेल्या जबाबदारीतून अंग काढून घेणारे आपण पाहतो. त्यांनी याच अध्यायातला आठवा श्लोक वाचावा. कष्टाच्या भीतीने केलेला त्याग राजस आहे, त्याचं फळ मिळत नाही, असं तिथे स्वच्छ सांगितलंय. गीताच गीतेच्या अर्थाला कुंपण घालते.

आणखी एक खूण आहे. दुसऱ्या अध्यायात उपदेश सुरू होतो तो अर्जुनाच्या शोकाला हात घालून, आणि इथे येऊन थांबतो तो ‘शोक करू नकोस’ या शब्दांवर. चौघांचे रस्ते वेगळे, पण चौघंही त्या शोकापर्यंत जातात. ज्या अर्थाने माझा शोक आणि माझा ‘मी’, दोन्ही थोडे हलके होतात, तो अर्थ आज माझा. बाकीचे तिघं चुकले नाहीत. माझ्यावर उद्या वेगळी वेळ येईल, तेव्हा कदाचित त्यांच्यातलाच कुणीतरी हाक मारेल.

आज एवढंच करा. ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये, मेट्रोमध्ये, कुठेही हा श्लोक एकदा सावकाश वाचा आणि स्वतःला विचारा : मी नेमका कशाचा शोक करतोय? उत्तर सापडलं, की या चौघांपैकी कुणाकडे जायचं ते आपोआप कळेल.

उद्या श्लोक ६७. हे गुपित कुणाला सांगू नये, ते भगवंत तिथे सांगतात.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥