दुरुस्ती किती करावी?

बिघडलेले नीट करणे हे चांगले काम आहे, यात दुमत नाही. पण चांगल्या कामालाही मर्यादा असते का? हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपण एका जुन्या खेळयंत्राचे झाकण उघडून पाहू या.

अमेरिकेतील शिकागो शहरात गॉटलिब, बॅली, विल्यम्स या कंपन्या पिनबॉलची यंत्रे बनवीत. काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी धावते. खेळाडू बटणे दाबून तिला पुन्हा वर टोलवतो आणि गुण मिळवतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक सर्किटे आली. त्याआधी गुणांच्या हिशेबाचा मोठा भार रिलेंवर असे. रिले म्हणजे तारेचे वेटोळे. त्यातून वीज गेली की ते लोहचुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढून घेते आणि त्याबरोबर लवचीक पत्त्या हलतात. पत्त्यांच्या टोकांवरचे चांदीचे पॉइंट एकमेकांना टेकतात किंवा सुटतात.

ठिणग्यांनी व धुळीने हे पॉइंट खराब होतात आणि खेळ अडतो. नवशिक्या पॉलिशपेपर घेऊन बसतो. पॉइंट चकचकीत होतात, पण त्यांवर ओरखडे पडतात, चांदी झिजते. जाणकार आधी प्लग काढतो. पत्त्यांचे स्क्रू घट्ट आहेत ना, ते पाहतो; नाहीतर पुढची मेहनत फुकट. मग अगदी बारीक कानस दोन पॉइंटमध्ये धरून हलकेच फिरवतो आणि कोरड्या कागदाची पट्टी ओढून घाण काढतो. तेल लावत नाही, कारण तेलावर धूळ बसते. शेवटी पत्ती बुडाशी किंचित वाकवून अंतर जमवतो. उघड्या पॉइंटमध्ये साधारण दीड मिलिमीटर फट पुरते. मिटताना ते टेकून जरा पुढे सरकावेत, म्हणजे एकमेकांना आपणच पुसत राहतात.

खरा मोह यानंतर येतो. झाकण उघडलेच आहे, तर सगळ्याच पत्त्या सरळ करू या! काही रिलेंत तीन पत्त्या एकत्र असतात; एक जोडी सुटल्यावरच दुसरी टेकायची असते. एक वाकवली की शेजारचीचे अंतर बिघडते. एका दोषाचे तीन होतात.

मग हात न लावणे हेच शहाणपण का? आम्हांला तसे वाटत नाही. एक पॉइंट अस्वच्छ राहिला तरी सगळा खेळ थांबू शकतो. त्यामुळे आपण नेमके कशासाठी घासतो आहोत, हे आधी ठरले पाहिजे. पॉइंट चमकले नाहीत तरी चालते. ते नीट टेकले पाहिजेत.

घरी आपण काय करतो? मुलाला एका विषयात गुण कमी पडतात. बोलणे तेथून सुरू होते आणि त्याचे मित्र, केस, झोप, सारे काही निघते. मूल मान डोलावते आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्याशी बोलणेच टाकते. दोष निघाला की नाही कोण जाणे, संपर्क मात्र तुटला.

सोनारानेच कान टोचावे, असे आपण म्हणतो. त्याला किती टोचायचे आणि कुठे थांबायचे, हे ठाऊक असते. या आठवड्यात कुणाला सुधारायला निघण्यापूर्वी स्वतःला विचारू या: माझा राग उतरला आहे का? नेमका दोष मला दिसला आहे का? आणि तो निघाल्यावर मी थांबणार आहे का?