क्लच नसतो म्हणे!

बस. तो मोबाइल आधी खिशात टाक, आणि आज मी बोलणार, तू ऐकणार.

"सर, लडाखला न्यायला ट्रकवर घर बांधतोय, ऑटोमॅटिक घेऊ की मॅन्युअल?" एवढं विचारून मोकळा झालास. भरलेल्या गाडीचं वजन किती होईल? माहीत नाही. मागच्या एक्सलवर किती येईल? माहीत नाही. दुसरं कोण चालवणार? "ताई." ग्रॉस वजन ७५०० किलोच्या वर गेलं तर ताईचं एलएमव्ही लायसन्स चालणार नाही, हे तिला सांगितलंस? नाही. पलंग, ओटा, पाण्याची टाकी यांची चित्रं मात्र रंगवून आणलीस. चेसिसवर बांधकाम करायला आरटीओची मंजुरी लागते, त्याचा कागद त्यात कुठेच नाही. मोटार मेकॅनिकचा ट्रेड पास झालेल्या मुलाला हे शोभतं का?

आणि वर मलाच ऐकवलंस, "एएमटीत क्लच नसतो सर." काऊन रे, आयटीआयची दोन वर्षं झोपेत काढलीस का? एएमटीत पेडल नसतं. क्लच असतो, आणि तोही साध्या ट्रकमध्ये असतो तसाच कोरडा. तुझ्या पायाचं काम अॅक्च्युएटर करतो, एवढाच फरक.

त्या टेबलावरची प्लेट उचल. लायनिंग पार रिव्हेटपर्यंत गेलंय. तिचं फ्लायव्हीलही बघ, तापून निळे डाग पडलेत. चढावर ब्रेक न दाबता गाडी हाफ क्लचवर तोलून धरली की हे होतं. एएमटीची गाडी चढावर नुसत्या अॅक्सिलरेटरवर धरून ठेवलीस तर तिच्या प्लेटचंही हेच होणार. घसरत्या क्लचला ड्रायव्हर माणूस आहे की मशीन, हे कळत नाही.

आता रस्ता बघ. एनएच ४४ तुला नागपूरहून थेट श्रीनगरला पोचवेल, तिथवर कुठलाही गिअरबॉक्स चालतो. खरी परीक्षा सोनमर्गच्या पुढे. झोजिला ३५२८ मीटरवर आहे. पावसाने चिखल झालेला, पुढे ट्रकांची रांग, दहा फूट सरकायचं आणि थांबायचं. हवा विरळ, आणि एवढ्या कमी आरपीएमला टर्बोही दाब धरत नाही. इंजीन उचलत नाही, मग रेस वाढवावी लागते आणि क्लच आणखी घसरतो. तिथे प्लेट गेली तर मागच्या सगळ्यांचा रस्ता तू अडवणार.

अशा सरकत्या चढाला उत्तम म्हणशील तर टॉर्क कन्व्हर्टर. तिथे घासायला प्लेटच नाही, तेलातून ताकद जाते आणि जागेवरून उचलताना टॉर्क वाढूनच मिळतो. आपल्या उमरेडच्या कोळसा खाणीतले मोठे डंपर असेच चालतात. पण घसरणीची सगळी उष्णता त्या तेलात जाते. खाणीत तेलाच्या तापमानाचा काटा बघणारा ऑपरेटर असतो, ठरल्या तासांना तेल बदलणारं वर्कशॉप हाताशी असतं. तुझ्याकडे यातलं काय आहे? मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर असताना निघणार आणि ऑइल कूलरचा विचारही केलेला नाहीस. शिवाय अशी गाडी धक्का मारून सुरू होत नाही. बंद पडली तर प्रोपेलर शाफ्ट न सोडता ओढायची नाही, कारण इंजीन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि आतलं सगळं कोरडं फिरतं.

म्हणून तुझ्यासाठी मॅन्युअल. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेले स्टॅलियन लष्कराने वर्षानुवर्षं मॅन्युअल गिअरवरच त्या डोंगरांत फिरवले. कारगिलमध्येसुद्धा गिअरबॉक्स उतरवून प्लेट बदलणारा मिस्त्री मिळेल, कन्व्हर्टर उघडणारा शोधत फिरावं लागेल. आणि गिअर कोण टाकतो यापेक्षा पहिला गिअर किती खालचा आहे, हे विचार. ट्रान्स्फर केसमध्ये लो रेंज असेल तर चाक रांगत चालतं आणि क्लच पूर्ण सोडता येतो. तुझ्या चित्रांत या रेशोचा एक आकडा नाही, याचा मला सर्वांत जास्त राग आलाय.

मॅन्युअल सांगितलं म्हणून खूश होऊ नकोस. कुरईचा घाट न्यूट्रलमध्ये उतरलो, डिझेल वाचलं, अशी फुशारकी परवा याच खोलीत मारलीस. उतारावर गिअरमध्ये पाय काढला की आजच्या इंजिनात डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला जळतच राहतं. म्हणजे वाचलं काहीच नाही, आणि सगळा भार ब्रेकवर टाकलास. ड्रम तापून लायनिंगची पकड सुटली की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. मागे तुझी ताई झोपलेली असेल, हे एकदा तरी डोक्यात आलं होतं का?

सोमवारी सकाळी आठला चेसिस वजनकाट्यावर आण. पाणी आणि सामान धरून जेवढं वजन होईल तेवढी वाळूची पोती भर, दोन्ही एक्सलची वेगवेगळी पावती घे. ताईलाही आण. तिचं लायसन्स बघून ठरवू, ती चालवणार की नाही. चालवणार असेल तर आधी भरल्या गाडीवर ती शिकेल, मग तू. चित्रांची वही घरीच ठेव.