परदेशी गेलेला राघू



लंडनच्या बागांत हिरव्या पोपटांचे थवे ओरडत उडतात. लाल चोच, नराच्या गळ्याला गुलाबी कंठ. आपल्या पेरूवर येऊन बसतो तोच हा राघू. केंट परगण्यात 1969 पासून त्याची वस्ती स्थिरावली. त्याचे मूळ बहुतांशी पाकिस्तान व उत्तर भारतातले, असे 2015 च्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. अमेरिकन गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स याने एक जोडी सोडली म्हणून ते वाढले, ही कथा तिकडे आवडीने सांगतात. 2019 साली संशोधकांनी तपासली, तेव्हा तिला आधार सापडला नाही. एवढे समुद्र राघू आपल्या पंखांनी ओलांडून गेला नव्हता. माणसाने त्याला पिंजऱ्यात घालून नेले, विकले. मग कोणाच्या हातून तो निसटला, कोणी कंटाळून सोडला.

स्पेनमधील सेव्हिल शहराच्या एका उद्यानात याचे फळ कडू निघाले. तेथील झाडांच्या ढोलीत मोठ्या जातीची दुर्मिळ वटवाघळे राहत. पोपटांनी ढोली बळकावल्या, वटवाघळांना चोचींनी मारले. चौदा वर्षांत वटवाघळांची झाडे शेकडा 81 ने घटली. पोपटाला दोष देणे सोपे; तो तर आपल्या स्वभावाप्रमाणे घर शोधत होता.

उत्पत्तीच्या आठव्या अध्यायातला नोहा पाहा. त्यानेही पाखरू सोडले. पण कबुतराला पाय टेकायला जागा मिळेना, तेव्हा हात लांब करून त्याला तारवात परत घेतले. प्राण्यांवरची सत्ता देवाने माणसाला दिली ती अशा हातासाठी, असे आम्ही समजतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. परमुलखातून आलेल्या माणसांना या पोपटाची उपमा देऊ नये. रूथ मवाबीच होती, आणि आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजेही पोटासाठी मुलूख सोडून इंदूर, बडोदे, हैदराबादेस आले. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे.

आता आपल्या ओसरीवरचा पिंजरा. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडचा रानपोपट घरात कोंडून ठेवणे गुन्हा आहे. "तो आमच्या हातचेच खातो" असे भगिनी प्रेमाने सांगतात, आणि ते खरेही असते. म्हणूनच दार उघडून त्याला एकदम उडवून देऊ नये. हातावर वाढलेल्या पाखराला चारा शोधता येत नाही, मांजर ओळखता येत नाही. वनखात्याच्या कचेरीत कळवावे व पिंजऱ्यासह त्यांच्या हवाली करावे.