‘सापडले नाही’ म्हणण्याचा अधिकार

संकेतस्थळाच्या शोधचौकटीत शब्द टाकावा आणि खाली ‘काहीही सापडले नाही’ असे उमटावे, यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे असे सहसा कुणाला वाटत नाही. मला वाटते. ते वाक्य अभावाबद्दलचे विधान आहे, आणि अभाव कळतो कसा यावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झडले. कुमारिल भट्टांच्या मीमांसेने अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. न्यायदर्शनाच्या नैयायिकांनी तसे मानले नाही. तरी एक अट दोघांनाही मान्य होती: वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्याने घडा नाही असे ठरत नाही. ही अट पाळणाऱ्या न आढळण्यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात.

अक्षरे जशीच्या तशी ताडून पाहणारी शोधचौकट ही अट मोडते. मराठीत तर पदोपदी. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो: ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते निराळे शब्द वाटतात. ‘पुणे’ शोधणाऱ्याच्या हाती ‘पुण्यात’ घडलेली गोष्ट लागत नाही, कारण सामान्यरूप यंत्राला कुणी शिकवलेलेच नसते. लोकांनी शुद्ध लिहावे, असे यावर सांगितले जाते. पण कीबोर्डने कोणते चिन्ह उमटवले हे लिहिणाऱ्याला दिसतच नाही, तर त्यात त्याची चूक कुठली?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शोध सैल केला की नको ते निकाल येतात; नसलेले आहे म्हणणे हाही भ्रमच. खरे आहे. जमिनीच्या नोंदींत गट क्रमांक १२३ऐवजी १३२ दाखवला, तर ती दुसऱ्याची जमीन. तिथे काटेकोरपणाच हवा, मात्र १२३ आणि 123 हा एकच आकडा आहे हे चौकटीला कळले पाहिजे. इतरत्र नेमके निकाल आधी द्यावेत आणि जवळचे, ते जवळचे आहेत असे सांगून, खाली. तरीही काही मिळाले नाही, तर टाकलेला शब्द चौकटीत तसाच ठेवावा, म्हणजे तो दुरुस्त करता येतो, आणि कुठे पाहिले तेही सांगावे. नियतकालिकाच्या जुन्या अंकांची पाने नुसती स्कॅन केलेली चित्रे असतील, तर ‘त्या अंकांमध्ये शोध घेतलेला नाही’ एवढे एक वाक्य निकालाखाली छापायला काहीच अडचण नाही.