पूर्वजांची भाषा : मॉरिशसचा मराठी समाज

वालावल, वेंगुर्ला आणि मालवणचा टापू १९८१ पर्यंत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता, आणि त्या जिल्ह्यातून एकोणिसाव्या शतकात जी माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणूनच ओळखले जातात. मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंच शब्दांच्या आधाराने गुलामांच्या वस्त्यांत घडलेली बेटाची बोली, बोलली जाते. घरातली भाषा गेल्यावरही समाज तिच्याच नावाने कसा उभा राहतो, याचे उत्तर बेटाच्या इतिहासात आहे.

ब्रिटिशांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून जिंकले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा उसाच्या मळेवाल्यांनी गुलामांच्या जागी गिरमिटिये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर आणलेले मजूर, राबवले. सुमारे साडेचार लाख माणसे या व्यवस्थेत पोर्ट लुई बंदरात उतरली. ते जेथे उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. या मजुरांतले बहुसंख्य कलकत्त्याहून आलेले भोजपुरी भाषक होते, मद्रासहून तमिळ व तेलुगू आले, आणि मुंबईहून आलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी होती. त्यामुळे मराठी मजूर गोऱ्या मालकापुढे तर दुबळा होताच, शिवाय मजुरांच्या वस्तीतही अल्पसंख्य होता. मळ्यावर त्याला आधी भोजपुरी आणि मग क्रिओल आत्मसात करावी लागली. नोंदवहीत बापाचे किंवा स्वतःचे पाळण्यातले नावच पुढे आडनाव होऊन बसले, आणि गावाची खूण सांगणारी आडनावे अनेक घराण्यांतून पुसली गेली.

टिकला तो गणपती. भाद्रपदात मातीची मूर्ती घरी आणणे, आरती म्हणणे, झाकरी नाचणे आणि मूर्ती समुद्रात वा नदीत विसर्जित करणे हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. झाकरी ही रत्नागिरीकडची जाखडी होय : फेर धरून, ढोलकीच्या ठेक्यावर म्हटली जाणारी गाणी. ज्याला मराठीत साधा संवाद साधता येत नाही तोही ही गाणी म्हणतो, कारण पाठ केलेले शब्द रोजच्या बोलण्यापेक्षा चिवट असतात आणि सणाला सगळे एकत्र जमल्याने त्यांची उजळणी आपोआप होते.

१९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या मॉरिशसने या चिवटपणाला राजमान्यता दिली. गणेश चतुर्थी तेथे राष्ट्रीय सुट्टी आहे. तशीच सुट्टी तमिळांसाठी कावडीच्या सणाला आणि तेलुगूंसाठी उगादीला असते. जनगणनेत घरी बोलण्याची भाषा आणि पूर्वजांची भाषा असे दोन वेगळे प्रश्न विचारले गेले, आणि बोलणे थांबले तरी वारसा नोंदता आला. ही ओळख किती नाजूक असते हे १९९८ मध्ये दिसले : नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेल्यावर तमिळ समाज खवळला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. भाषेच्या नावाने मान मागता येतो, पण मान मिळाल्याने भाषा बोलली जाईलच असे नाही, आणि मॉरिशसच्या मराठीची खरी अडचण हीच आहे. प्राथमिक शाळांत ती ऐच्छिक विषय आहे, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती शिकवली जाते. तरी वर्गाबाहेर तिला ऐकणारे कान थोडे.

महाराष्ट्राचे तिकडे लक्ष आहे. २०२३ मध्ये मोका येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, आणि तो सोहळा तेथील समाजाला मोलाचा वाटला, हे समजण्यासारखे आहे. परंतु पुतळ्यापेक्षा निकडीचे काम वेगळे आहे. पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी शिकलेल्या मुलाला आजीच्या तोंडची झाकरी पुरती उलगडत नाही, कारण ती गाणी कोकणातून गेलेली आहेत. कोकणातल्या बोलींची, शेतीची, देवस्थानांची माहिती असलेल्या अभ्यासकांनी ही गाणी गाणाऱ्या वृद्धांसमोर बसून ध्वनिमुद्रित केली, त्यांवर अर्थाच्या टिपा लिहिल्या आणि तेथील शिक्षकांच्या हाती दिल्या, तर वर्गातली मराठी आणि घरातला गणपती यांची गाठ पडेल. वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळाभोवती जत्रा, दशावतार आणि भजन अजून चालू आहेत, त्यामुळे अशा कामासाठी लागणारे जाणकार या पट्ट्यातच मिळतील. आणि गाणारे वृद्ध हयात आहेत तोवरच ते करता येईल.