सप्तर्षींजवळची मोकळी जागा

लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवतात. वसिष्ठाला खेटून असलेला तो मिणमिणता तारा सापडावा म्हणून वडीलधारी माणसं आधी बोटानं सप्तर्षींची ओळ दाखवून देतात. त्याच ओळीतल्या अत्री आणि अंगिरस या ताऱ्यांच्या थोडं उत्तरेला आकाशाचा एक तुकडा आहे. तिकडे मुद्दाम बोट दाखवायचं कारण कुणालाच पडलं नसेल, कारण नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. शंभर मीटरवर ठेवलेला टेनिसचा चेंडू दिसेल तेवढीच ती जागा. १९९५ साली १८ ते २८ डिसेंबर असे दहा दिवस हबल दुर्बीण त्या जागेकडे पाहत राहिली.

या दहा दिवसांची किंमत कळायला थोडं मागे जावं लागतं. १९९० मध्ये हबल अवकाशात गेली तेव्हा तिच्या आरशाची कड हवी त्यापेक्षा केसाच्या पन्नासाव्या भागाइतकी सपाट झाली होती. तेवढ्यानं प्रतिमा धूसर आल्या आणि जगभर नाचक्की झाली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ती दुरुस्त केली. मग तिच्या तासातासासाठी खगोलशास्त्रज्ञांची रांग लागली. हबलचं वैज्ञानिक कामकाज पाहणाऱ्या बाल्टिमोरच्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी स्वतःच्या अखत्यारीतला वेळ वापरून दुर्बीण रिकाम्या आकाशाकडे वळवायचं ठरवलं, तेव्हा अनेकांनी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. त्यांत जॉन बाकॉल होते. हबल व्हावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली होती, आणि तिला नव्या दीर्घिका फारशा दिसणार नाहीत असं गणितही मांडलं होतं. ही हरकत क्षुल्लक नव्हती. एवढा वेळ घालवून हाती काळोखच आला असता, तर नुकतीच सावरलेली अब्रू पुन्हा गेली असती.

हाती आल्या सुमारे ३,००० दीर्घिका. आपल्या आकाशगंगेतले तारे त्यात मोजके, बाकीचा जवळजवळ प्रत्येक ठिपका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं घर. त्यांतल्या कित्येकांचा प्रकाश निघाला तेव्हा आपला सूर्य जन्मलाही नव्हता.

ही प्रतिमा एका क्षणात टिपलेली नाही. चार वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेल्या ३४२ कृष्णधवल प्रतिमा एकावर एक रचून ती तयार झाली. रंग नंतर आले. म्हणून काहीजण तिला बनावट ठरवतात, ते मला पटत नाही. त्यातला निळा आणि लाल हा फरक दीर्घिकांच्या प्रकाशातूनच आलेला आहे. आपल्या डोळ्यांना तो इतका मंद प्रकाश साठवता येत नाही, एवढंच.

मात्र या प्रतिमेतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तिचं सौंदर्य नव्हे. काय सापडेल हे कुणी सांगू शकत नसतानाही पाहायला परवानगी होती, हे मोलाचं. आपल्याकडे संशोधनाचा अर्ज भरताना अपेक्षित निष्कर्ष आधी लिहावे लागतात. जनतेच्या पैशाचा हिशेब मागायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण सगळाच वेळ आधी वर्तवलेल्या उत्तरांवर खर्च झाला, तर बाकॉलांसारख्या जाणत्या माणसाचं गणित चुकलं हे कळायला वावच उरत नाही. हबलच्या व्यवस्थेनं दहा टक्क्यांपर्यंतचा वेळ संचालकाच्या विवेकावर सोडला होता. हिशेब आणि कुतूहल दोन्ही सांभाळणारी ही तरतूद आपल्या प्रयोगशाळांनी, विद्यापीठांनी खुशाल उचलावी.

विल्यम्स यांनी आणखी एक गोष्ट केली. निरीक्षण करणाऱ्यानं माहिती वर्षभर स्वतःकडे ठेवण्याचा रिवाज असताना, त्यांनी ती काही आठवड्यांत सर्वांसाठी खुली केली. हवाईतल्या केक दुर्बिणी याच तुकड्यातल्या दीर्घिकांची अंतरं मोजायला लागल्या. आणि त्या फिकट ठिपक्यांवरून हळूहळू विश्वातल्या तारेजन्माचा इतिहास लिहिला गेला: आज नवे तारे ज्या गतीनं जन्मतात, तिच्या सुमारे दहापट वेगानं ते एके काळी जन्मत होते.