काढ्याला जामीन

जामीनकीच्या कागदावर सही करू नये, हे बँकेत नोकरी करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. कर्ज घेणारा मजेत असतो, देणारा निदान पगार तरी घेत असतो. नोटीस जाते ती जामीनदाराच्या घरी. अशा कित्येक नोटिसांवर मी स्वतः पत्ते घातले आहेत. म्हणून आजवर मेहुण्याच्या स्कूटरलासुद्धा मी जामीन राहिलो नाही. (सासुरवाडीला अजून माझं ताट शेवटी वाढतात.) असा मी, २०२० साली चक्क एका काढ्याला जामीन राहिलो.

ते वर्ष तुम्ही विसरला नसाल. साऱ्या जगानं दारं लावून घेतली होती. पण बँक पडली अत्यावश्यक सेवा, तेव्हा आम्ही तोंडाला फडकं बांधून काउंटरवर हजर. एप्रिलात आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांचा काढा घ्यायला सांगितलं. आईला तो मिळमिळीत वाटला. आमच्या सोसायटीच्या मागं कडुलिंब आहे आणि त्यावर वेल चढलेला आहे. कडुलिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणाची, असं तिचं पक्कं मत. गुळवेलीला संस्कृतात अमृता म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं काढा चाखला नसावा.

पहिल्या दिवशी मी प्यालो. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीतली कोरफड पिऊ लागली.

"कसं वाटतंय रे?" आई विचारी.

"एकदम तरतरीत!"

आता यात पाप ते काय? व्यवहार तीन पक्षांचा. आईला समाधान, मला सुटका, आणि कोरफडीला तक्रार करता येत नव्हती. बँकेत इतके खूश ग्राहक एका वेळी मी कधी पाहिले नाहीत. मुलगा रोज शंभर माणसांच्या नोटा हाताळून घरी येतो, ही धास्ती ती बाई त्या पातेल्यात उकळत होती. ते ओतून देताना मलाही वाईट वाटायचं. पण पिताना त्याहून वाईट वाटायचं.

शिवाय मी काही गोळ्यांचा नास्तिक नाही. जन्माचा शाकाहारी असल्यानं माझं बी-१२ तळाला गेलं होतं. रक्त तपासून डॉक्टरांनी गोळी दिली, ती मी इमानानं घेतो. पण आमच्या शाखेत प्रत्येक ड्रॉवरमध्ये एक छोटं औषधाचं दुकान आहे. अश्वगंधा, शतावरी, माशाचं तेल. "नैसर्गिक आहे हो, अपाय काय व्हायचाय?" (धोतराही नैसर्गिकच असतो, पण असं म्हटलं की लोक चहाचे पैसे आपल्याला द्यायला लावतात.) एक सहकारी तर आठवड्याला एक घ्यायची ड जीवनसत्त्वाची पुडी रोज घेत. त्यांना मी माझ्या परीनं समजावलं होतं, की क आणि बहुतेक ब जीवनसत्त्वं म्हणजे चालू खातं, जादा आलं ते लघवीवाटे गेलं. अ, ड, ई, के ही मुदत ठेव, आत साठत राहते. एवढं शहाणपण मी दुपारी सांगत असे. सकाळी कुंडीशी उभा राहून आलेला असे.

२०२१ च्या पावसाळ्यात आईचं जेवण तुटलं. डोळे पिवळसर दिसू लागले. रक्त तपासलं, तर यकृताचे आकडे दुपटीतिपटीनं नव्हे, कितीतरी पटींनी वर. डॉक्टरांनी काविळीच्या नेहमीच्या तपासण्या केल्या, काही सापडेना. "आजी, काय काय घेता?"

"औषध नाही हो, नुसता काढा. दोन वेळा. आधी मी घेत नव्हते. पण याला इतका मानवला! वर्ष झालं घेतोय, त्याला कधी काही बाधलंय का, विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

त्यांनी सांगितलं, की २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताचा असाच त्रास झाल्याचा लेख डॉक्टरांनी प्रसिद्ध केला होता. मंत्रालयाचा त्यावर आक्षेप, की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही. गुळवेलीसारखाच दिसणारा तिचा एक भाऊबंद असतो. "कोण बरोबर ते ठरेल तेव्हा ठरेल. तुम्ही आधी बंद करा." आमचा वेल अस्सल होता की भाऊबंद, ते कळलं नाही. काढा बंद झाला, दोन महिन्यांत आकडे खाली आले.

त्या दोन महिन्यांत मला एक जुनी गोष्ट फार छळत होती. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले, दोघादोघांना वेगवेगळे उपचार दिले. संत्री-लिंबं खाणारे दोघे भराभर सुधारले. पण समजा, त्यात समुद्राचं पाणी पाजलेल्या दोघांपैकी एखाद्यानं पेला गुपचूप कठड्यावरून ओतून "झकास वाटतंय, साहेब" म्हटलं असतं तर? आईनं तरी दुसरं काय केलं होतं? माझ्यावर आधी प्रयोग केला, निकाल विचारला, आणि मगच पेला तोंडाला लावला. तिची पद्धत चोख होती. खलाशी लबाड होता.

कबुली द्यायला मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा चहा मागितला.

बरी झाल्यावर आई म्हणाली, "मला नाही सोसला, तुला सोसतो," आणि माझ्यापुरतं पातेलं पुन्हा चढलं. एका रविवारी पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या. काकांना द्यावा म्हणतात. काकांना आधीच मधुमेहाच्या गोळ्या. "तुम्ही रोज घेता ना हो? गुण आहे ना?" आई स्वयंपाकघराच्या दारात कौतुकानं उभी.

"काकू," मी म्हटलं, "आधी जरा गॅलरीत चला. ही कोरफड बघा. तिसरी आहे. पहिल्या दोन कुजल्या."

काकूंना काही कळलं नाही. आईला सगळं कळलं.

"तरीच म्हटलं," ती एवढंच म्हणाली, "कोरफड कुजते कशी."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पेला पुढं आला. आत नुसतं कोमट पाणी होतं. शेवटच्या घोटापर्यंत ती माझ्यासमोर उभी राहिली.